अर्काची साक्ष

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी मला आग्रहानें आपल्या प्रयोगशाळेंत घेऊन गेला. टेबलावर कांचेच्या दोन नळ्या उभ्या केलेल्या होत्या. एकींतील द्रव गर्द जांभळा होता, दुसरींतील फिकट पिवळा. दुसऱ्या नळींत त्यानें निर्गुडीच्या पाल्याचा मद्यार्कांत काढलेला अर्क थोडासा घातला होता आणि त्याबरोबर जांभळा रंग उडून गेला होता. मुलाचा चेहरा आनंदानें फुलला होता. "सर, अर्कांत गुण आहे हें आतां सिद्ध झालें," तो म्हणाला. आणि मग किंचित् थांबून त्यानें खरी गोष्ट सांगितली. त्याच्या आजीचे गुडघे वर्षानुवर्षें दुखतात व सुजतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनीं ठणका थांबतो, पण पोटांत आग पडते. तेव्हां गोळ्या बंद करून आजीला हाच अर्क रोज पाजावा, असा विचार घरीं चालला होता. "आपल्याला काय वाटतें?" असें त्यानें मला विचारलें.

मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यकांत मला गति नाहीं. परंतु साक्षीपुराव्याची पारख करणें हा माझा जन्माचा व्यवसाय आहे, आणि त्या व्यवसायांतील पहिला धडा असा कीं, साक्षीदाराला जें विचारलें असेल तेवढ्याचेंच उत्तर तो देत असतो. त्या नळीला विचारलेला प्रश्न होता, 'हा अर्क या विशिष्ट जांभळ्या द्रव्याचा रंग घालवितो काय?' नळीनें 'होय' म्हटलें. आजीचा गुडघा थांबेल काय, हें तिला कोणी विचारलेंच नव्हतें. या दोन प्रश्नांमध्यें केवढें अंतर आहे आणि तें तोडावयास मनुष्यजातीला किती वर्षें लागलीं, याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे. त्या दिवशीं त्या मुलाला जें सांगितलें, तेंच थोडें विस्तारानें वाचकांपुढें ठेवितों.

वनस्पतींच्या गुणांविषयीं सर्वांत जुनी साक्ष परंपरेची. तिला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. कारण शोध कोठें करावयाचा हें बहुधा तीच सांगते. मात्र परंपरेवरच थांबावें असें आपल्या पूर्वजांनींहि म्हटलेलें नाहीं. चरकसंहितेंत आप्तोपदेशाच्या जोडीला प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति हीं आणखी तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. आपल्या हळदीलाहि त्यांत स्थान आहे. या गृहस्थाकडे मुंबईचें बेट कांहीं काळ खंडानें होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. त्याचा मोठेपणा असा कीं, ग्रीक आचार्यांचें वचन आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसलेली वस्तु यांचा मेळ बसेना, तेव्हां त्यानें डोळ्यांवर विश्वास ठेविला. परंतु डोळ्यांनाहि एक खोड असते. ज्याला गुण आला तो रोगी लक्षांत राहतो. ज्याला आला नाहीं तो दुसऱ्या वैद्याकडे निघून जातो.

ओर्ताच्या ग्रंथानंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, १७६३ सालीं, इंग्लंडांतील चिपिंग नॉर्टन या गांवच्या एडवर्ड स्टोन नांवाच्या धर्मोपदेशकानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलें. वेदनाशामक औषधांच्या इतिहासांत या पत्राचें स्थान मोठें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं स्टोननें सहज म्हणून विलोची साल चाखून पाहिली होती. आमच्याकडे ओढ्याकांठीं व नदीकांठीं जें वाळुंज वाढतें, त्याचेंच हें विलायती भावंड. साल कमालीची कडू लागली, आणि हिंवतापावर त्या काळीं दिल्या जाणाऱ्या महागड्या सिंकोनाच्या सालीची त्याला आठवण झाली. त्यानें जवळजवळ एक पौंड साल गोळा केली, एका पाववाल्याच्या भट्टीच्या बाहेरील अंगावर तीन महिन्यांहून अधिक काळ वाळविली, तिचें चूर्ण केलें आणि प्रथम अगदीं थोड्या प्रमाणांत, दर चार तासांनीं, तापकऱ्यांना देऊन पाहिलें. पुढें प्रमाण वाढवीत सुमारें पन्नास रोग्यांवर त्यानें हा प्रयोग केला. बहुतेकांचा ताप उतरला. कांहीं जुनाट तापांत चूर्णाचा उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यांत एक पंचमांश सिंकोना मिसळला आणि तेहि बरे झाले. हें सर्व त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें आहे.

आतां या साक्षीची उलटतपासणी करूं. पहिली गोष्ट ही कीं, स्टोनचा तर्क चुकीचा होता. विलो दलदलींत वाढतो, हिंवतापहि दलदलींत होतो, आणि ईश्वर रोगाजवळच त्याचा उपाय ठेवितो, असें त्याला वाटे. दुसरी गोष्ट, हिंवताप आपोआप चढतो आणि आपोआप उतरतो. साल न दिलेल्या रोग्यांशीं तुलना केल्यावांचून उतार सालीनें पडला कीं काळानें, हें कळण्यास मार्ग नाहीं. अशी तुलना त्या काळाला अगदींच अपरिचित होती असेंहि नाहीं. १७४७ सालींच जेम्स लिंड या आरमारी शस्त्रवैद्यानें स्कर्व्हीनें आजारी असलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला होता, आणि संत्रींलिंबें मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली होती. स्टोननें तसें केलें नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हिंवतापाचे जंतु लाव्हरां या फ्रेंच वैद्यास १८८० सालीं दिसले. सिंकोना त्या जंतूंना मारतो. विलोची साल ताप उतरविते, पण जंतु जिवंतच राहतात. हट्टी रोग्यांना बरें केलें तें बहुधा त्या एक पंचमांशानें! स्टोनला तापावरचा उपाय सांपडला होता; रोगावरचा नव्हे.

पुढील शतकांत सालीची चौकशी रसायनवेत्त्यांच्या हातीं गेली. १८२८ सालीं म्यूनिकच्या बुख्नरनें सालींतून एक कडू पिवळसर द्रव्य काढलें व त्याला 'सॅलिसिन' असें नांव दिलें. लवकरच फ्रान्समध्यें लरू यानें तें स्फटिकरूपांत मिळविलें. १८३८ मध्यें पिरिया या इटालियन शास्त्रज्ञानें त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केलें. हा पालट लहान नव्हे. झाडाची साल ऋतूप्रमाणें, जमिनीप्रमाणें, वयाप्रमाणें बदलते. स्फटिक मात्र सर्वत्र एकच असतो आणि ताजव्यांत तोलून देतां येतो. जी वस्तु मोजतां येत नाहीं तिची परीक्षा तरी कशी घ्यावयाची?

स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉक्टर मॅक्लॅगन यानें १८७४ मध्यें हेंच सॅलिसिन तीव्र संधिवाताच्या रोग्यांना देण्याचें ठरविलें. त्याचाहि तर्क स्टोनसारखाच होता: संधिवात दमट, सखल जागीं होतो, तेव्हां त्यावरील औषध तशाच जागीं वाढणाऱ्या झाडांत असावें. परंतु रोग्याला देण्यापूर्वीं त्यानें तें स्वतः घेतलें. प्रथम पांच, मग दहा, मग तीस ग्रेन. आणि अपाय होत नाहीं अशी खात्री करून घेतली. ठणकणारे, लाल झालेले, सुजलेले सांधे थोड्याच अवधींत निवूं लागले. १८७६ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत त्यानें हा वृत्तांत छापला. त्याच वर्षीं जर्मनींतील वैद्यांनींहि सॅलिसिलिक आम्लाचे असेच अनुभव प्रसिद्ध केले. पण हें आम्ल पोटाला फार झोंबे. १८९७ सालीं बायर कंपनींतील फेलिक्स हॉफमन यानें त्याचें सौम्य रूप शुद्ध स्वरूपांत तयार केलें, आणि १८९९ मध्यें तें 'ॲस्पिरिन' या नांवानें बाजारांत आलें.

येथवरची परीक्षा माणसांवर झाली. विसाव्या शतकांत प्रयोगशाळेंतील मुका प्राणी साक्षीदार म्हणून पुढें आणला गेला. वेदना मोजावयाची कशी? १९४४ मध्यें वुल्फ आणि मॅक्डोनाल्ड यांनीं उंदराला तापलेल्या पत्र्यावर ठेवून तो पाय चाटूं लागेपर्यंत किंवा उडी मारीपर्यंत किती सेकंद जातात, हें मोजण्याची रीत घालून दिली. सूज मोजण्याची सर्वमान्य रीत १९६२ सालची. विंटर, रिस्ली आणि नस यांची. समुद्रांतील तांबड्या शेवाळापासून निघणारें कॅराजिनन नांवाचें द्रव्य मोठ्या उंदराच्या मागच्या पायांत टोंचतात. पाय सुजतो. औषध दिलेला व न दिलेला अशा दोन्ही गटांतील प्राण्यांचे पाय द्रवांत बुडवून, किती द्रव बाजूला सरला त्यावरून सूज ठरवितात. आजहि आपल्या देशांतील औषधिविद्येच्या महाविद्यालयांतून शेंकडों पाल्यांचे अर्क याच दोन परीक्षांना बसतात.

या परीक्षा उपयोगी आहेत, कारण त्यांत तुलनेचा गट असतो आणि अर्क नापास होण्याची शक्यता असते. परंतु साक्षीची मर्यादा येथेंहि विसरून चालणार नाहीं. पेंगुळलेला उंदीर तापल्या पत्र्यावरहि उशिरां उडी मारतो. म्हणून झोंप आणणारा अर्क वेदनाशामक ठरण्याचा संभव असतो. शिवाय सुजेच्या परीक्षेंत औषध बहुधा सूज उत्पन्न करण्यापूर्वींच देतात, आणि ती सूज कांहीं तासांची असते. आजीच्या गुडघ्याची सूज वर्षानुवर्षांची. ती आधीं आली आणि औषध मागाहून येणार. उंदीर खोटें बोलत नाहीं. आपण त्याच्या तोंडीं जें वाक्य घालतों तें मात्र पुष्कळदा खोटें असतें.

ॲस्पिरिन काम कसें करतें, हें कोडें १९७१ सालीं इंग्लंडमध्यें जॉन व्हेन यानें सोडविलें. १९८२ च्या नोबेल पारितोषिकांत त्याचा वांटा होता. आपल्या शरीरांत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. सूज, वेदना आणि ताप यांत त्यांचा हात असतो. ॲस्पिरिन त्यांची उत्पत्तीच बंद पाडतें. आणि याच उलगड्यानें दुसराहि एक उलगडा झाला. याच वर्गांतील द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करितात; म्हणून सांध्याला सुख देणारी गोळी पोटाला जाळते. आजीची तक्रार खरी होती, आणि ती कोणा एका डॉक्टरच्या चुकीमुळें नसून औषधाच्या स्वभावांतूनच आलेली होती. स्टोनच्या पत्रापासून या उत्तरापर्यंत दोनशें आठ वर्षें गेलीं.

आतां त्या जांभळ्या नळीकडे वळूं. १९५८ सालीं ब्लॉइस यानें 'नेचर' पत्रांत ही रीत प्रसिद्ध केली. डीपीपीएच नांवाच्या जांभळ्या द्रव्याच्या रेणूंत एक इलेक्ट्रॉन जोडीदारावांचून असतो. दुसऱ्या द्रव्यानें त्याची ही उणीव भरून काढली कीं रंग उडतो. असें करणाऱ्या द्रव्याला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. रीत स्वस्त, सोपी आणि डोळ्यांना सुखविणारी. म्हणूनच ती इतकी पसरली. पण चहाचा काढा आणि डाळिंबाची सालहि हा रंग घालवितात. नळींत आंतडें नाहीं, यकृत नाहीं, रक्त नाहीं. अर्क पोटांतून सांध्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें तिला कसें ठाऊक असणार?

नळीच्या शब्दावर विसंबण्यांत केवढा धोका असतो, याचें एक उदाहरण विसरतां येत नाहीं. गाजरांत असणारें बीटा कॅरोटीन हें नामांकित प्रतिऑक्सिडीकारक. तें धूम्रपान करणाऱ्यांचें कर्करोगापासून रक्षण करील, अशी विद्वानांची आशा होती. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही परीक्षा झाली. १९९४ सालीं निकाल लागला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक निघाला. पुढें २०१२ मध्यें अमेरिकेच्या शेतकी खात्यानें खाद्यपदार्थांच्या अशा नळींतील गुणांकांचा आपला तक्ता मागें घेतला. कारण त्या आंकड्यांचा माणसाच्या आरोग्याशीं संबंध दाखवितां येत नव्हता.

मग आमच्या घरोघरच्या हळदीचें काय, असें वाचक विचारतील. तिची कथा अजून अर्धवट आहे, म्हणूनच ती अधिक शिकविणारी आहे. हळदीचें पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ मध्यें वेगळें काढलें गेलें. त्याची रचना १९१० मध्यें निश्चित झाली. १९७३ सालीं लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतील श्रीमल आणि धवन यांनीं त्याला कॅराजिननच्या परीक्षेस बसविलें. ताज्या सुजेवर कर्क्युमिन त्या काळच्या फेनिलब्युटाझोन या प्रसिद्ध औषधाच्या जवळपास बरोबरीचें ठरलें. जुनाट सुजेवर मात्र त्याच्या निम्मेंच. हा निम्मेपणा त्यांनीं झांकला नाहीं, यांतच त्यांच्या कामाची प्रतिष्ठा आहे.

१९९५ मध्यें अमेरिकेंत हळदीनें जखम भरण्याच्या उपायावर एक पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ पुढें ठेवून त्याला हरकत घेतली, आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. आम्हां सर्वांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. परंतु त्या विजयाचा अर्थ पुष्कळांनीं चुकीचा लावला. तेथें सिद्ध झालें तें इतकेंच कीं, हें ज्ञान नवें नाहीं. हळद गुणकारी आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या न्यायासनापुढें नव्हताच. प्राचीनत्वाचा पुरावा आणि परिणामाचा पुरावा हीं दोन वेगळीं कागदपत्रें आहेत. एकाच्या जागीं दुसरें दाखल करून भागत नाहीं.

हळदीची खरी अडचण निराळीच निघाली. पोटांत घेतलेलें कर्क्युमिन रक्तांत जवळजवळ उतरतच नाहीं. १९९८ मध्यें बंगळूरच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, मिऱ्यांतील पायपरीन बरोबर दिल्यास माणसाच्या शरीरांत त्याचें शोषण सुमारें वीसपट वाढतें. २०१४ मध्यें थायलंडांत गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयबुप्रोफेनहून उणा ठरला नाहीं. मात्र त्यांत निर्गुण गोळी घेणारा तिसरा गट नव्हता. उलट २०१७ मध्यें अमेरिकन रसायनवेत्त्यांनीं शंभरावर प्रयोगांचा आढावा घेऊन, कर्क्युमिननें एकहि कसून घेतलेली परीक्षा निर्विवाद जिंकलेली नाहीं, असा कठोर अभिप्राय दिला. शिवाय शोषण वाढविलेल्या हळदीच्या गोळ्यांनीं कांहीं जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीहि आतां झाल्या आहेत. वरणांतील चिमूटभर हळद आणि गोळींत कोंदलेला तिचा अर्क यांत फरक आहे. जें औषध खरोखर काम करूं लागतें, तें अपायहि करूं शकतें. स्वयंपाकघरांतून आलें म्हणून त्याला या नियमांतून सूट मिळत नाहीं.

खुद्द विलोची साल पुढें पुन्हां परीक्षेस बसली. २००० सालीं पाठदुखीच्या २१० रोग्यांचे तीन गट केले गेले. शेवटच्या आठवड्यांत वेदनामुक्त राहिलेले रोगी मोठ्या मात्रेच्या गटांत ३९ टक्के, लहान मात्रेच्या गटांत २१ टक्के आणि निर्गुण गोळीच्या गटांत ६ टक्के निघाले. मात्रेबरोबर गुण चढत गेला. ही उत्तम साक्ष. परंतु २००४ मध्यें सांधेदुखीच्या रोग्यांवरील दुसऱ्या प्रयोगांत तीच साल निर्गुण गोळीहून विशेष सरस ठरली नाहीं. म्हणजे अडीच शतकांच्या ओळखीनंतरहि सालीला 'येथें होय, येथें नाहीं' असेंच उत्तर मिळालें. मला यांत सालीचा अपमान दिसत नाहीं. ज्या परीक्षेंत 'नाहीं' हें उत्तर येऊं शकतें, त्याच परीक्षेंतील 'होय' ला किंमत असते.

हें सर्व ऐकून तो मुलगा थोडा हिरमुसला. मीं त्याला म्हटलें, "आजीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावांचून बंद करूं नका, पोटांत आग पडते हें त्यांना स्पष्ट सांगा. निर्गुडीच्या पाल्याचा शेक आजीला सुखाचा वाटत असेल तर तो खुशाल चालूं द्या. पण नळींतला अर्क तिला पाजूं नका. तुझ्या प्रयोगांत चूक नाहीं. फक्त त्याची साक्ष जेथें संपते, तेथें आपणहि थांबावयास हवें." डॉक्टरांनीं गोळी बदलली, जोडीला जठराचें रक्षण करणारें औषध दिलें, आणि आजीचें पोट आतां पुष्कळ शांत आहे असें समजतें. शेक चालूच आहे.

परवां तो पुन्हां भेटला. पुढील शिक्षणासाठीं औषधिविद्येकडे वळण्याचा त्याचा बेत आहे, आणि निर्गुडीचा नाद त्यानें सोडलेला नाहीं, सोडूंहि नये. या वेळीं मात्र त्यानें मला रंग दाखविला नाहीं. एका वहींत त्यानें प्रश्न लिहून आणले होते: अर्कांत नेमकें द्रव्य कोणतें, तें रक्तांत पोंचतें काय, तुलनेचा गट कोणता, आणि सर्वांत खालीं, 'काय दिसलें म्हणजे माझें म्हणणें चुकलें असें मी मानीन?' हा शेवटचा प्रश्न एडवर्ड स्टोनला सुचला असता, तर सिंकोनाचा तो एक पंचमांश त्यानें इतक्या सहजासहजीं मिसळला नसता.